तानपुऱ्याच्या कसोटीवर पाच हेडफोन

सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ साली बाजारात आला आणि थोड्याफार फरकाने त्याच रूपात तो आजही तयार होतो, यावरूनच त्याची योग्यता लक्षात यावी. ख्यालगायन ऐकण्यासाठी मी अनेक वर्षे तोच वापरत आलो आहे. गळ्यातला मधला पट्टा, म्हणजे शब्द, आकार आणि मींड ज्या पट्ट्यात उलगडतात तो भाग, या हेडफोनवर इतका सरळ आणि निकोप ऐकू येतो की त्याबद्दल मला कधी काही उणे वाटले नव्हते. तरीही त्याच्या पुढची पायरी चढावी का, हा विचार सुरू झाला तो एका तबलजी स्नेह्यांमुळे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. एका विलंबित एकतालाचे ध्वनिमुद्रण त्यांनी माझ्याकडे बसून शांतपणे ऐकले, हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, “गाणं सगळं आहे हो, पण डग्गा जमिनीवर बसलेला नाही.”

हे वाक्य मी गांभीर्याने घेतले, कारण त्यामागे मोजता येणारे कारण आहे. डग्ग्याचा मूळ नाद साधारण साठ ते शंभर हर्ट्झच्या आसपास फिरतो आणि मनगटाच्या दाबाने वादक त्याला वरखाली नेतो. एचडी ६००चा प्रतिसाद (कोणता स्वर तो किती जोराने ऐकवतो ते प्रमाण) नेमका याच भागात, म्हणजे शंभर हर्ट्झच्या खाली, हळूहळू उतरत जातो. घिस्सा, म्हणजे मनगट घासून काढलेला डग्ग्याचा सरकता नाद, ऐकू येतो, त्याची दिशाही कळते, परंतु त्याचे वजन कमी होते. तेव्हा प्रश्न असा ठरला की हे वजन मिळवताना गळ्याचा खरेपणा न गमावता पुढे जाता येईल का, आणि त्यासाठी लाखाच्या आसपासची रक्कम मोजणे योग्य ठरेल का.

उमेदवार म्हणून मी चार हेडफोन निवडले. सेनहायझरचाच एचडी ८०० एस, फ्रान्समधील फोकल कंपनीचा क्लिअर एमजी, हायफायमॅनचा आर्या स्टेल्थ आणि अमेरिकेतील ऑडिझी कंपनीचा एलसीडी-एक्स. हे चारही ओपन-बॅक आहेत, म्हणजे त्यांच्या कपांची बाहेरची बाजू जाळीची असते आणि हवा व आवाज दोन्ही दिशांना मोकळेपणाने जातात. बंद पाठीचे हेडफोन मी विचारात घेतले नाहीत, कारण कपाच्या आत परतणाऱ्या ध्वनीमुळे तानपुऱ्याची आस, म्हणजे छेडल्यानंतर रेंगाळणारा नाद, थोडी कोंदट होते, असा माझा अनुभव आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विद्युतभाराच्या ओढीने पडदा हलवणारे, हेडफोनही बाजूला ठेवले. त्यांची नाजूकता मला मान्य आहे, पण स्टॅक्स कंपनीच्या पद्धतीत पडद्याला ५८० व्होल्टचा स्थिर विद्युतदाब द्यावा लागतो, त्यासाठी वेगळाच अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि मग तो सगळा संसार नव्याने मांडावा लागतो.

चार हेडफोनांमध्ये दोन वेगळ्या जाती आहेत, आणि त्यांचा फरक लक्षात घेतला की पुढची बरीच गुंतागुंत सुटते. एचडी ८०० एस आणि क्लिअर एमजी हे डायनॅमिक जातीचे आहेत. त्यांत तारेचे एक लहान वेटोळे चुंबकाच्या फटीत हलते आणि त्याला जोडलेला पडदा हवा ढकलतो. फोकलचा पडदा मॅग्नेशियमचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा आहे, तर सेनहायझरचा ५६ मिलिमीटरचा पडदा कड्याच्या आकाराचा आहे. आर्या आणि एलसीडी-एक्स प्लॅनर जातीचे आहेत. त्यांत अतिशय पातळ फिल्मवरच विद्युतवाहक रेषा काढलेल्या असतात आणि ती संपूर्ण फिल्म चुंबकांच्या क्षेत्रात एकसाथ हलते. एलसीडी-एक्समधील फिल्मचा व्यास १०६ मिलिमीटर आहे. पडदा मोठा आणि सर्वत्र सारख्या जोराने ढकललेला असल्यामुळे कानाभोवती गादी नीट बसली असेल, तर प्लॅनर हेडफोन अगदी खालच्या स्वरांपर्यंत जवळजवळ सपाट प्रतिसाद देतात. डग्ग्यासाठी माझी पहिली आशा म्हणूनच त्यांच्यावर होती.

दुकानात जाऊन ऐकण्याआधी मी घरची तयारी पूर्ण केली, आणि या तयारीवर मी मुद्दाम थोडे विस्ताराने लिहिणार आहे. हेडफोनांच्या तुलनेत निकाल बहुतेक वेळा इथेच ठरतो, आणि बहुतेक लोक हाच भाग वगळतात.

पहिली गोष्ट गाद्यांची. हेडफोनच्या गाद्या कालांतराने दबतात, कान पडद्याच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. जुना हेडफोन दबलेल्या गाद्यांसह आणि नवा हेडफोन कोऱ्या गाद्यांसह ऐकला, तर आपण दोन हेडफोनांची तुलना करत नसून नव्याजुन्या स्पंजाची करत असतो. एचडी ६००चा एक मोठा गुण असा की त्याची केबल, गाद्या, हेडबँडचे अस्तर, इतकेच काय आवाज निर्माण करणारा आतील ड्रायव्हरसुद्धा सुटे मिळतात आणि घरी बदलता येतात. मी नव्या गाद्या बसवल्या. त्यानंतर जे ऐकू आले त्यात वरचे स्वर पुन्हा आपल्या जागी गेले आणि गळ्याभोवतीची जागा थोडी मोकळी झाली. नव्या खरेदीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगेन की आधी आपल्या जुन्या हेडफोनला त्याचे मूळ रूप परत द्यावे आणि मगच त्याची इतरांशी गाठ घालावी.

दुसरी गोष्ट अ‍ॅम्प्लिफायरची. माझ्याकडे व्हॉल्व्हचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर जाणाऱ्या विद्युतप्रवाहाला त्याच्या आतच होणारा विरोध, १०० ओहमच्या आसपास आहे. ३०० ओहमच्या एचडी ६००ला तो चांगला मानवतो. तोच अ‍ॅम्प्लिफायर ५५ ओहमच्या क्लिअर एमजीला जोडला, तर व्होल्टेजचा मोठा हिस्सा अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच खर्च होतो. शिवाय डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स सर्व स्वरांना सारखा नसतो, खालच्या एका पट्ट्यात अनुनादामुळे तो कित्येक पटींनी वाढतो. त्या पट्ट्यात हेडफोनला व्होल्टेजचा जास्त वाटा मिळतो आणि बास फुगतो. अशा जोडणीत ऐकलेला डग्गा फोकलचा नसतो, त्या जोडणीने तयार केलेला असतो. प्लॅनरचा इम्पिडन्स सपाट असल्यामुळे त्यांचा तोल बिघडत नाही, परंतु ३२ ओहमच्या आर्याला व्होल्टेजचा जेमतेम चौथा हिस्सा पोचतो आणि उरलेला वाया जातो. हेडफोनचा इम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान आठपट असावा, हा जाणकारांचा आडाखा या सगळ्यावर बेतलेला आहे. म्हणून तुलनेसाठी मी एक ट्रान्झिस्टरचा, एक ओहमपेक्षा कमी आउटपुट इम्पिडन्स असलेला अ‍ॅम्प्लिफायर उसना आणला आणि पाचही हेडफोन त्यावरच ऐकले.

इथेच आणखी एक हिशेब सांगून ठेवतो. एचडी ८०० एस एका व्होल्टला १०२ डेसिबल देतो. संगीतातील एखादा क्षणिक कळस ११० डेसिबलपर्यंत जाईल असे धरले, तर त्याला सुमारे अडीच व्होल्ट लागतात, पण विद्युतप्रवाह नऊ मिलिअँपिअरहूनही कमी लागतो. एलसीडी-एक्सचा इम्पिडन्स २० ओहम आणि संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या शक्तीतून निघणारी आवाजाची पातळी, एका मिलिवॉटला १०३ डेसिबल आहे. त्याच कळसाला त्याला एक तृतीयांश व्होल्टही लागत नाही, मात्र प्रवाह सुमारे सोळा मिलिअँपिअर लागतो. ‘हा हेडफोन चालवायला जड आहे’ असे लोक सरसकट म्हणतात, तेव्हा तो व्होल्टेज मागतो की प्रवाह, हे विचारले पाहिजे. माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज भरपूर देतो आणि प्रवाह देताना हात आखडता घेतो, ही गोष्ट शेवटच्या निर्णयात महत्त्वाची ठरली.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट आवाजाच्या पातळीची. दोन स्रोतांमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असेल, तर कानाला एक मोठा आणि दुसरा लहान असे जाणवत नाही. मोठा असलेला अधिक स्पष्ट, अधिक भरीव आणि अधिक जिवंत वाटतो. शिवाय पातळी वाढली की खालचे आणि वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने अधिक ठळक होतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. दुकानात एका हेडफोनमधून दुसऱ्यात तार लावताना कोणी पातळी जुळवत नाही, आणि ज्याची संवेदनशीलता जास्त तो हेडफोन जिंकतो. हे टाळण्यासाठी मी प्लायवूडच्या एका सपाट तुकड्याला मधोमध भोक पाडून त्यात मोजणीचा मायक्रोफोन बसवला, हेडफोनचा कप त्यावर नीट टेकवला आणि मधल्या पट्ट्यातील गोंगाटाचा संकेत वाजवून प्रत्येक हेडफोनसाठी व्हॉल्यूमची खूण निश्चित केली. प्रयोगशाळेतील कृत्रिम कानाची अचूकता या साधनाला नाही, पण पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणण्यासाठी ते पुरेसे आहे. ज्या दुकानाने ऐकण्याची सोय केली त्यांनी हे सगळे साहित्य टेबलावर मांडू दिले आणि पुढे दोन हेडफोन काही दिवसांसाठी घरीही दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

डोळे बांधून परीक्षा घेण्याचा विचारही मनात आला होता, पण हेडफोनच्या बाबतीत तो टिकत नाही. डोक्यावर ठेवल्याक्षणी वजन आणि गादीचा स्पर्श ओळख सांगून टाकतात. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर मार्ग काढताना एकाच हेडफोनवर इतर हेडफोनांचे प्रतिसाद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उतरवले आणि ते श्रोत्यांना ऐकवले. ते घरी शक्य नाही. मी एवढेच केले की प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाचाच तुकडा ऐकायचा, लगेच दुसऱ्या हेडफोनवर तोच ऐकायचा आणि जे वाटले ते पुढचा तुकडा लावण्याआधी लिहून ठेवायचे. आवाजाच्या बारकाव्यांची स्मृती फार थोडा वेळ टिकते. काल ऐकलेल्या हेडफोनची आज ऐकलेल्याशी केलेली तुलना माझ्या मते निरुपयोगी आहे.

आता काय ऐकायचे, हा प्रश्न. परीक्षणांतून वारंवार भेटणाऱ्या पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचा मला उपयोग नव्हता, कारण ती वाद्ये मी प्रत्यक्ष क्वचितच ऐकली आहेत. माझ्या घरात मिरजेचा तानपुरा आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्यांची ख्याती त्याहून कितीतरी जुनी आहे. मी माझ्याच खोलीत, बसण्याच्या अंतरावर मायक्रोफोन ठेवून, काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावलेला तानपुरा ध्वनिमुद्रित केला. अण्णांनी त्याच खोलीत तबला-डग्ग्याचे काही बोल वाजवून दिले. त्यामुळे माझ्याकडे अशी ध्वनिमुद्रणे आली, ज्यांचे मूळ हाताच्या अंतरावर उपलब्ध होते. तानपुरा छेडायचा, त्याचा नाद कानात असतानाच हेडफोन लावायचा, आणि कुठे काय बदलले ते पाहायचे, अशी ही पद्धत होती.

तानपुरा ही हेडफोनसाठी अतिशय कठोर कसोटी आहे, आणि त्याचे कारण जवारीत आहे. घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागावर तार स्पर्श करत कंप पावते आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याच्या जागेनुसार वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले सूक्ष्म स्वर, एकामागून एक फुलत जातात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवले की, तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांचा स्थिरबिंदू (तारेवरची न हलणारी जागा) येतो ते स्वरांश एरवीच्या नियमाने उमटू नयेत, पण या घोडीमुळे तेही जोरकसपणे उमटतात. काळी एकच्या खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. तिचा तिसरा स्वरांश २०८ हर्ट्झच्या जवळ, तो पंचम. पाचवा सुमारे ३४६ हर्ट्झ, तो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार. हार्मोनियमवर त्याच जागी मिळणाऱ्या समभाजित (सप्तकाचे बारा समान भाग पाडून ठरवलेल्या) गंधाराहून तो किंचित उतरलेला असतो, आणि तानपुरा खरोखर लागला आहे की नाही हे गायक त्याच्यावरूनच ओळखतात. त्यापुढे हीच मालिका कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जाते. ज्या हेडफोनच्या प्रतिसादात कुठे खड्डा किंवा उंचवटा असेल, त्याच्यावर ही मालिका फुलत जाताना मध्येच अडखळते.

परीक्षेचा पहिला निष्कर्ष मला खूप काही शिकवून गेला. स्वयंभू गंधार पाचही हेडफोनांवर ऐकू आला, आणि सर्वांत सहज ऐकू आला तो माझ्या जुन्या एचडी ६००वर. विचार केल्यावर यात नवल नाही. ३४६ हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या दोन सप्तकांचा पट्टा हीच या हेडफोनची खरी ताकद आहे. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे तपासून असे मांडले की हेडफोनचा प्रतिसाद आणि त्याची किंमत यांच्यात परस्परसंबंध आढळत नाही. लाखाचा हेडफोन स्वरांचा तोल अधिक खरा ठेवेलच, असे गृहीत धरून पुढे जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

फरक पडला तो दुसऱ्या ठिकाणी. मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात आणि चांगल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात ते दोन बाजूंना बसलेले असतात. एचडी ६००वर ते एका पडद्यासारखे गळ्यामागे पसरतात. एचडी ८०० एसवर एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोघांच्या छेडण्यातील वेळेचा फरकसुद्धा स्वतंत्रपणे ऐकू आला. या हेडफोनचे कप मोठे आहेत आणि पडदा कानाच्या किंचित पुढे, तिरका बसवलेला आहे. त्यामुळे गळा डोक्याच्या आत न राहता थोडा समोर सरकतो. तान घेताना गायिका मायक्रोफोनपासून मान वळवते, तेही मला जागेच्या बदलासारखे जाणवले. याची किंमत वरच्या स्वरांत मोजावी लागते. सहा हजार हर्ट्झच्या आसपास थोडा उंचवटा आहे. मूळच्या एचडी ८००मध्ये तो अधिक होता आणि २०१६च्या एस आवृत्तीत शोषक घालून तो कमी केला गेला, तरी काही ध्वनिमुद्रणांत ‘स’ आणि ‘श’ टोचतात आणि सारंगीची धार वाजवीपेक्षा वर येते.

क्लिअर एमजीचे सर्वांत मोठे सामर्थ्य आघातात आहे. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या किनारीवरचा, ‘ना’ इतक्या तत्परतेने सुटतो आणि इतक्या नेमकेपणाने थांबतो की अण्णांनी तो लावताच मान डोलावली. बोट शाईवर पडले की किनारीवर, हे त्यांना या हेडफोनवर विचार न करता सांगता येत होते. गळाही ऊबदार आणि जवळचा आहे. परंतु जागा लहान आहे. दोन तानपुरे, हार्मोनियम आणि गळा एकमेकांना चिकटून बसल्यासारखे वाटतात, आणि द्रुत लयीत सगळे एकदम वाजू लागले की मला थोडे गुदमरल्यासारखे झाले. वजन ४५० ग्रॅम आहे आणि ते तासाभराने जाणवू लागते.

आर्या स्टेल्थने मला बराच काळ विचारात ठेवले. डग्गा इथे खऱ्या अर्थाने जमिनीवर बसतो. घिस्सा खाली उतरत जातो तेव्हा त्याच्याबरोबर हवेचा दाबही उतरत जातो, आणि आमच्या खोलीतल्या ध्वनिमुद्रणाच्या सर्वांत जवळ हाच हेडफोन आला. उंच, लंबगोलाकार पडद्यामुळे ध्वनीला उभी उंची मिळते, हेही मला जाणवले. मात्र जवारीचे वरचे स्वरांश त्याच्यावर थोडे चमकदार होतात. माझा तानपुरा ऐकून लगेच हा हेडफोन लावला की दोरा एखाद्या केसाने सरकला आहे, असा भास होई. ज्याने तो तानपुरा कधी समोर ऐकला नाही, त्याला ही चमक आवडूही शकेल. मला मूळ माहीत असल्यामुळे ती सोडून देता आली नाही.

एलसीडी-एक्सबद्दल थोडक्यात लिहितो. खर्ज आणि डग्गा उत्कृष्ट, बांधणी भक्कम, पण गळा एक पाऊल मागे सरकतो. तीन ते पाच हजार हर्ट्झच्या भागात स्वर थोडे खाली दबलेले आहेत, असे माझ्या कानाला वाटले, आणि तार षड्जावर ठेवलेला आवाज ज्या तेजाने लागायला हवा तसा लागत नाही. शिवाय वजन ६१२ ग्रॅम. विलंबित ख्याल पाऊण तास चालतो आणि तोवर मानेला या वजनाचा विसर पडत नाही.

चष्म्याचाही इथे उल्लेख करायला हवा. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि त्वचा यांच्यात फट राहते आणि त्या फटीतून सर्वांत आधी खालचे स्वर निसटतात. प्लॅनर हेडफोनवर हा परिणाम मला अधिक जाणवला. चष्मा काढून ऐकलेला डग्गा आणि चष्मा लावून ऐकलेला डग्गा यांतला फरक कधीकधी दोन हेडफोनांमधल्या फरकाइतका होता. मी चष्म्यासह ऐकतो, म्हणून अंतिम नोंदी चष्मा लावूनच केल्या. आणि पुण्यातला उन्हाळा. ओपन-बॅक हेडफोनला छताचा पंखा ऐकू येतो, पंखा बंद केला तर चामड्याच्या गाद्यांखाली घाम येतो. सेनहायझरच्या कापडी गाद्या या बाबतीत निःसंशय सोयीच्या आहेत. गंभीर ऐकणे मी पहाटे ठेवले, कारण रहदारी वाढल्यावर खोलीतील शांतता टिकत नाही आणि शांतता नसली की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलच्या पातळीने आठवड्याला चाळीस तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की हा वेळ निम्मा होतो. मोजणीचा मायक्रोफोन हाताशी असल्यामुळे मी माझी नेहमीची पातळी तपासून घेतली, आणि दीर्घकाळ ऐकणाऱ्या प्रत्येकाने तसे करावे असे मला मनापासून वाटते.

निर्णयापूर्वी एक शेवटची तपासणी केली. एचडी ६००चा खालचा भाग इक्वलायझरने, म्हणजे स्वरांचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाने, उचलून पाहिला. चार-पाच डेसिबलपर्यंत डग्ग्याला खरोखर वजन आले आणि गळ्याला धक्का लागला नाही. त्याहून वर नेले की मोठ्या आघातावर डग्ग्याचा नाद फाटू लागला. म्हणजे माझ्या मूळ तक्रारीचा बराचसा भाग एक पैसाही खर्च न करता दूर होत होता. ही गोष्ट मी अण्णांना ऐकवली आणि त्यांनीही ती मान्य केली. त्यामुळे नवा हेडफोन घ्यायचा असेल तर तो डग्ग्याच्या वजनासाठी घेण्याचे कारण उरले नव्हते. जे इक्वलायझरने मिळत नाही ते मिळणार असेल, तरच एवढा खर्च योग्य ठरणार होता. दोन तानपुऱ्यांमधली जागा, गळ्याचे समोर येणे आणि एका वाद्याची आस दुसऱ्याच्या आघाताखाली न बुडणे, या गोष्टी मी कितीही प्रयत्न केला तरी एचडी ६००वर उभ्या करू शकलो नाही.

मी एचडी ८०० एस घेतला. ३३० ग्रॅम वजन, चष्म्याला सामावून घेणारे मोठे कप आणि ३०० ओहमचा इम्पिडन्स यांमुळे तो माझ्या डोक्याला आणि माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला सारखाच मानवतो. आर्या किंवा क्लिअर घेतला असता तर त्यासोबत अ‍ॅम्प्लिफायरही बदलावा लागला असता, आणि तो खर्च किमतीच्या पाटीवर कुठेही लिहिलेला नसतो. सहा हजार हर्ट्झचा उंचवटा मी इक्वलायझरने तीन डेसिबल खाली आणला आहे. माझ्या तानपुऱ्याशी पडताळून पाहताना जवारीचा फुलोरा याच मापाला आपल्या मूळ वळणावर आला.

एचडी ६०० मी विकलेला नाही. १९५० आणि १९६०च्या दशकांतील आकाशवाणीची मोनो ध्वनिमुद्रणे, ज्यांत एकच मायक्रोफोन आहे, फितीचा सरसर आवाज आहे आणि वरचे स्वर मुळातच मर्यादित आहेत, ती मला त्याच्यावरच अधिक बरी वाटतात. मोनो ध्वनिमुद्रणात विस्तारायला जागाच नसते, आणि नवा हेडफोन फितीची सरसर गळ्यापासून वेगळी काढून समोर ठेवतो. स्टिरिओ काळातील, दोन तानपुरे स्वतंत्र ऐकू येतील अशी मैफल असली की नवा हेडफोन निघतो. अण्णांचे मत मात्र बदललेले नाही. तबल्यासाठी क्लिअरच घ्यायला हवा होता, असे ते आजही म्हणतात, आणि तबल्यापुरते बोलायचे तर मला त्यांचे म्हणणे पटते.